कली, द्वापर आणि फासे : प्रस्तावना

स्वयंवर आटोपून इंद्र, अग्नी, वरुण आणि यम परत निघाले आहेत आणि त्याच वाटेवर समोरून कली येतो, सोबतीला द्वापर. कुठे निघालास, असे इंद्र विचारतो. दमयंतीच्या स्वयंवराला, असे उत्तर मिळते. ते तर झाले, आमच्या देखत तिने नलाला माळ घातली, असे इंद्र हसत सांगतो, आणि कली भडकतो. देव समोर असताना माणूस निवडला म्हणजे काय, या बाईला शिक्षा झालीच पाहिजे, असे त्याचे म्हणणे. त्यावर चारही लोकपाल त्याला बजावतात की हे आमच्या संमतीने झाले आहे आणि नलाला जो शाप देऊ पाहील त्याचा शाप त्याच्यावरच उलटेल. एवढे बोलून ते स्वर्गाकडे निघून जातात. कली त्यांच्याशी हुज्जत घालत नाही. ते गेल्यावर मात्र तो द्वापराकडे वळतो आणि म्हणतो की माझा राग काही आवरत नाही, मी नलात शिरतो, तू फाशांत शिरून मला साथ दे. महाभारताच्या वनपर्वातल्या नलोपाख्यानातला पुढचा सगळा अनर्थ या एवढ्या बोलण्यातून निघतो. पुढील पानांत ज्या खेळाची मांडणी केली आहे तोही इथूनच सुरू होतो. खेळाआधी मला या कलीविषयी जरा सविस्तर बोलायचे आहे. कट करणाऱ्या लहान देवाकडे आपण सहसा त्याच्या सामर्थ्याच्या बाजूने बघतो, आणि तिथेच त्याचा कट समजायचा राहून जातो.

ज्यांना या प्रकारच्या खेळाची ओळख नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. चार-सहा जण टेबलाभोवती बसतात, प्रत्येकाकडे एक पात्र असते, एक जण गेम मास्टर होऊन गोष्टीतले बाकीचे जग चालवतो, आणि जिथे निकाल अनिश्चित असेल तिथे फासे टाकले जातात. असे सत्रामागून सत्र चालणाऱ्या लांब गोष्टीला कॅम्पेन म्हणतात. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ मध्ये ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ काढला तेव्हापासून हा प्रकार रुळला. या खेळाच्या जगात ड्राऊ नावाची एक जमात आहे. ती जमिनीखाली राहते, तिच्यावर लोल्थ या कोळीदेवीची आणि तिच्या पुजारिणींची सत्ता चालते, आणि तिथे पुरुषांना किंमत नसते. लोल्थचाच मुलगा व्हेरॉन आईविरुद्ध उठलेला आहे. तो मुखवट्याचा देव, चोरांचा देव, तुडवल्या गेलेल्या ड्राऊ पुरुषांचा देव. एड ग्रीनवुड यांच्या १९९१ च्या पुस्तकातून तो खेळाडूंपर्यंत आला, आणि तेव्हापासून कटबाज देव हवा असला की गेम मास्टरचा हात त्याच्याकडे जातो. मराठी खेळाडूंनीही त्याला वापरावे, त्यात काही गैर नाही. पण ज्या विदर्भाच्या राजकन्येमुळे कलीचा कट जन्माला आला त्या विदर्भात बसून खेळायचे आणि कलीला वगळून मुखवटेवाला देव आयात करायचा, हे मला पटत नाही. दमयंतीचे माहेर कुंडिनपूर म्हणजे अमरावती जिल्ह्यातले वर्धेकाठचे कौंडण्यपूर, असे मानले जाते. शिवाय कलीची गोष्ट नुसती जवळची आहे असे नाही, कट कसा रचावा याचे तिच्याइतके चोख उदाहरण मला व्हेरॉनच्या चरित्रात सापडत नाही.

चोख अशासाठी की या कटात कलीला जवळजवळ काहीच सहज करता येत नाही. राग आला त्या दिवशी त्याला नलाचा केसही वाकडा करता आला नाही. त्याला नलाच्या शरीरात शिरायचे आहे, पण आचाराने शुद्ध असलेल्या माणसात त्याला वाट मिळत नाही, म्हणून तो नलाच्या निषध देशात जाऊन थांबतो. किती काळ, तर बारा वर्षे. एवढ्या काळात नल-दमयंतीचा संसार फुलतो, इंद्रसेन आणि इंद्रसेना ही दोन मुले होतात, यज्ञ होतात, आणि हा देव नुसता टपून बसलेला असतो. शेवटी एके संध्याकाळी नल लघुशंकेहून येऊन पाय न धुताच संध्येला बसतो, आणि तेवढ्या फटीतून कली आत जातो. आत गेल्यावरही काम एकट्याचे नाही. फासे द्वापराच्या हाती आहेत, आणि समोर बसायला कोणीतरी माणूस हवा, म्हणून कलीला नलाच्या भावाकडे, पुष्कराकडे जाऊन त्याला राज्याचे आमिष दाखवावे लागते. मग डाव बसतो आणि तो कित्येक महिने चालतो. इंद्राने वज्र उचलले असते तर गोष्ट एका श्लोकात संपली असती. कलीकडे वज्र नाही. त्याच्याकडे थांबण्याची तयारी आहे, एक साथीदार आहे, एक हावरा भाऊ आहे आणि एक न धुतलेला पाय आहे. कट हे अधिकार नसलेल्याचे हत्यार आहे. म्हणून कटबाज देव रंगवताना तो काय काय करू शकतो याची यादी करण्यापेक्षा त्याला काय करता येत नाही ते आधी ठरवावे, हे या प्रस्तावनेचे मुख्य म्हणणे. त्याच्या मर्यादा पक्क्या झाल्या की कटाची वाट आपोआप दिसू लागते, कारण प्रत्येक बंद दारापाशी त्याला वळसा घ्यावा लागतो आणि त्या वळशांचीच गोष्ट होते.

ही केवळ नलोपाख्यानाची खुबी नव्हे. कली जिथे जिथे येतो तिथे त्याच्याभोवती कुंपण असते. सरस्वती गंगाधरांच्या गुरुचरित्रात दुसऱ्याच अध्यायात तो ब्रह्मदेवासमोर उभा राहतो, एका हातात जीभ आणि दुसऱ्या हातात शिश्न धरून, आणि या दोन इंद्रियांवर ज्यांचा ताबा नाही ते माझे, असे सांगतो. मात्र कोणाला हात लावायचा नाही हेही त्याला तिथेच सांगितले जाते. ज्या घरांत हा ग्रंथ सप्ताहात वाचला जातो तिथल्या मुलांनाही हे चित्र ठाऊक असते, मोठ्यांना ते जरा अवघड वाटत असले तरी. भागवतात परीक्षित त्याला ठार करायला निघतो, तो शरण येतो आणि राहायला जागा मागतो. जुगार, मद्य, स्त्रीसंग आणि हिंसा या चार जागा त्याला मिळतात, वर पाचवे सोने. जगाचे एक आख्खे युग ज्याच्या नावाने चालते त्याला भाडेकरूसारखी जागा मागावी लागते, यात मोठी गंमत आहे. खेळाच्या दृष्टीने तर हा तयार नियमच झाला. कलीचा माणूस गावात कुठे सापडेल हे खेळाडूंना आधीपासून ठाऊक असते, आणि तरीही त्यांना त्या जागी जावे लागते, कारण त्यांना हवे असलेले काहीतरी नेमके तिथेच असते.

फाशांचा संबंध तर याहून खोल आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात जुगाऱ्याचे एक सूक्त आहे, त्यातले फासे म्हणजे बेहड्याची फळे. आजच्यासारखे घन ठोकळे तेव्हा नव्हते. मूठभर फळे टाकायची आणि चार-चारच्या गटांनी मोजायची, असा तो खेळ असावा असे अभ्यासक मांडतात. बाकी शून्य उरली तर कृत, तीन उरले तर त्रेता, दोन तर द्वापर आणि एक उरला तर कली. युगांची जी नावे आपण मोठ्या गांभीर्याने घेतो ती जुगाऱ्यांच्या तोंडी दानांची नावे होती आणि त्यांत कली हे हरण्याचे दान होते. तेव्हा कली आणि द्वापर मिळून नलाला लुबाडायला निघतात म्हणजे दोन वाईट दाने एका माणसाच्या नशिबात ठाण मांडतात. आजच्या खेळात वीस बाजूंचा फासा वापरतात, आणि त्यावर एक पडला की वार हुकलाच. तो एक म्हणजे कली, असे धरून आम्ही इथे नियम केला आहे. ज्या खेळाडूच्या फाशावर एक पडेल त्याच्याबाबतीत कलीला एक फट मिळाली असे समजायचे, पण ती लगेच वापरायची नाही. गेम मास्टरने ती कागदावर टिपून ठेवायची आणि थांबायचे.

इथे एक रास्त आक्षेप येतो. नलाने राज्य घालवले, मंत्री आणि प्रजा दाराशी येऊन विनवत असताना त्यांच्याकडे मान वर करून पाहिले नाही, आणि पुढे रानात झोपलेल्या बायकोचे वस्त्र अर्धे कापून तो तिला एकटी टाकून गेला. हे सगळे कलीने केले म्हणायचे म्हणजे जुगाऱ्याला आयती सबब देणे झाले. दारू प्यायलेला माणूस सकाळी जे म्हणतो त्याहून हे वेगळे कुठे आहे? आक्षेप वजनदार आहे, आणि कथेत त्याला बळ देणारी जागाही आहे. पुनर्भेटीत नल स्वतःच दमयंतीला सांगतो की ते मी केले नाही, कलीने केले. पण आख्यानकार एवढ्यावर समाधानी नाही असे मला दिसते. दमयंतीला सोडून जातानाचा प्रसंग पाहावा. नल निघतो, परत फिरतो, पुन्हा निघतो, पुन्हा तिच्यापाशी येऊन रडतो. कली त्याला एकीकडे ओढतो आणि प्रेम दुसरीकडे, आणि त्याचे मन झोपाळ्यासारखे हेलकावते असे तिथे वर्णन आहे. अंगात शिरलेल्या देवाने माणूस पूर्ण गिळला असता तर हे हेलकावे आलेच नसते. म्हणजे कली आत असतानाही नल शिल्लक आहे, आणि जो शिल्लक आहे त्याच्याकडे जाब मागता येतो. दमयंतीही तो मागते. कलीचा खुलासा ऐकण्याआधी तिने त्याला बरेच ऐकवलेले असते. आमच्या खेळात हाच प्रसंग नियम म्हणून घेतला आहे. कली खेळाडूच्या पात्राचा ताबा कधीही घेत नाही. तो ओढतो, दर ओढीची किंमत वाढवत नेतो, आणि निर्णय मात्र प्रत्येक वेळी खेळाडूलाच घ्यावा लागतो. ताबा घेतला की खेळाडू नुसता प्रेक्षक होऊन बसतो, आणि मग गुन्हाही त्याचा राहत नाही, पश्चात्तापही नाही.

दुसरा आक्षेप याहून गंभीर आहे आणि आमच्या भंडारा जिल्ह्यात तो विचारला गेला नाही तरच आश्चर्य. वरच्या देवांविरुद्ध उठलेल्या खालच्या देवाला खलनायक ठरवणे ही वरच्यांचीच युक्ती नव्हे का? भागवतात परीक्षिताला भेटणारा कली राजाच्या वेशातला शूद्र म्हणून येतो, हे वाचून जो वाचक थबकणार नाही त्याने पुन्हा वाचावे. महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’तून बळी आणि वामनाची कथा उलटी धरून दाखवली तेव्हापासून पुराणातला खलपुरुष कोणाच्या नजरेतून खल ठरतो, हा प्रश्न मराठीत टाळता येत नाही. ज्या भंडारा मतदारसंघातून १९५४ च्या पोटनिवडणुकीत डॉ. आंबेडकर उभे राहिले होते तिथे तर तो टाळूच नये. ड्राऊंचीही तीच अडचण झाली. काळ्या कातडीची एक आख्खी जमात जन्मतःच दुष्ट, ही मांडणी वर्णद्वेषाला जवळची आहे अशी टीका अनेक वर्षे होत राहिली आणि २०२० मध्ये खेळाच्या प्रकाशकांना ड्राऊंचे चित्रण बदलत असल्याचे जाहीर करावे लागले. त्यामुळे भागवतातला तो प्रसंग, परीक्षिताने दिलेल्या जागा सोडल्या तर, आम्ही या खेळातून वगळला आहे. कलीचा वेश, रंग आणि जात यांचा उल्लेख कुठेही नाही, आणि कोणत्याही गेम मास्टरने तो स्वतःच्या मनाने आणू नये.

पण वगळण्यापलीकडे या आक्षेपाला उत्तरही आहे, आणि ते नलोपाख्यानातच मिळते. कली इथे तुडवला गेलेला नाही. तो देवांच्याच वाटेवरून चाललेला एक देव आहे, स्वयंवराला उशिरा पोहोचलेला इच्छुक आहे. त्याची तक्रार अन्यायाची नाही, नकाराची आहे, आणि तो नकारही त्याला मिळालेला नाही, कारण तो तिथे हजरच नव्हता. एका स्त्रीने आपल्या मनाने निवड केली आणि चार दिक्पालांनी ती मान्य केली, हा नियम त्याला मोडायचा आहे. शिवाय देवांनी बजावल्यावर तो इंद्रापुढे आणखी एक शब्द काढत नाही. त्याचे बोलणे वरच्यांविरुद्ध असते आणि त्याचा हात मात्र खालच्यांवर पडतो. ज्याला बंडखोर म्हणावे त्याची पारख मी याच जागी करतो. गोंदिया जिल्ह्यातल्या कचारगडची कथा याच्या शेजारी ठेवून पाहावी (१९९९ पर्यंत तो मुलूख भंडारा जिल्ह्यातच होता). गोंडी परंपरेत सांगतात की कली कंकाली मातेची मुले तिथल्या गुहेत दगड लावून कोंडली गेली होती. जंगो रायताड आणि पारी कुपार लिंगो त्यांच्या सुटकेसाठी झटले. हिरासुका पाटालीराच्या किंगरीच्या सुरांनी आतल्यांना बळ आले, दगड हलला, आणि तो स्वतः त्याखाली गेला. माघ पौर्णिमेला हजारो लोक आजही तिथे जमतात. ही जमिनीखालून वर येणाऱ्यांचीच कथा आहे, पण ती कटाची नाही. कोंडलेल्यांनी दगड ढकलला, शेजारच्या झोपडीला आग लावली नाही. व्हेरॉनबद्दल मला जी शंका वाटते ती हीच. त्याची तक्रार खरी आहे, आईची सत्ता खरोखरच क्रूर आहे, आणि तरी त्याचा सुरा वळतो तो बहुतेक वेळा बहिणीकडे. नाचाची आणि चंद्रप्रकाशाची देवी असलेली ही बहीण, इलिस्ट्रेयी, ड्राऊंना दुसऱ्या वाटेने वर आणू पाहते. लिसा स्मेडमन यांच्या २००७ च्या कादंबरीत तो मारेकरी होऊन तिच्यावर चालून जातो आणि स्वतःच संपतो. लोल्थला धक्काही लागत नाही. कचारगडच्या कथेचा आम्ही खेळ केलेला नाही. ती चालत्या धर्माची कथा आहे, तिला टेबलावर आणायचे की नाही हे ज्यांची ती आहे त्यांनी ठरवावे.

आता या आख्यानातल्या सगळ्यात लखलखीत भागाकडे येतो. कलीच्या कटाला उत्तर तलवारीने दिले जात नाही. त्याला उत्तर म्हणजे दुसरा कट, आणि तो दमयंतीचा. नल हरवला आहे, रूप बदलून बाहुक नावाने अयोध्येच्या ऋतुपर्ण राजाकडे सारथी झाला आहे. दमयंती दूत पाठवते, त्यांच्या तोंडी अशी वाक्ये देते की ज्यांना फक्त नलच उत्तर देऊ शकेल. पर्णाद नावाचा ब्राह्मण तसे उत्तर घेऊन परततो. मग ती आईला विश्वासात घेते, वडिलांना काहीही कळू न देता सुदेव नावाच्या ब्राह्मणाला अयोध्येला धाडते आणि निरोप देते की दमयंतीचे दुसरे स्वयंवर उद्या सूर्योदयाला आहे. शंभर योजनांचे अंतर एका दिवसात कापणारा सारथी जगात एकच, म्हणजे ऋतुपर्ण वेळेत पोहोचला तर रथावर नल असणारच. कलीच्या कटात बारा वर्षे गेली, दमयंतीच्या कटात एक दिवस. तरी या दोन्हींत फरक फक्त वेळेचा नाही. कलीचा कट माणसाच्या दुबळेपणावर बेतलेला आहे आणि दमयंतीचा त्याच्या कौशल्यावर. नल घोड्यांत निष्णात आहे यावर तिने सगळे पणाला लावले आहे. कट म्हणजे वाईटच, असे मानणाऱ्या खेळाडूंना या प्रसंगातून जावे लागेल अशीच कॅम्पेनची बांधणी केली आहे.

त्याच प्रवासात कली हरतो, आणि कसा हरतो ते पाहण्यासारखे आहे. वाटेत बेहड्याचे झाड लागते. ऋतुपर्ण नुसत्या नजरेने सांगतो की याच्या दोन फांद्यांवर पाच कोटी पाने आणि २०९५ फळे आहेत. नलाला खरे वाटत नाही, तो वेळ दवडून फळे मोजतो आणि आकडा बरोबर निघतो. मग सौदा ठरतो. राजाने फाशांचे मर्म, अक्षहृदय, शिकवायचे, सारथ्याने घोड्यांचे, अश्वहृदय. अक्षहृदय कळताच कर्कोटकाचे विष ओकत कली नलाच्या अंगातून बाहेर येतो. रानातल्या वणव्यातून नलाने वाचवलेल्या या नागाने त्याला दंश करून रूप पालटून टाकले होते, आणि ते विष आतल्या कलीला तेव्हापासून जाळत होते. हात जोडून कापत उभा असलेला कली ऋतुपर्णाला आणि रथातल्या दुसऱ्या सारथ्याला, वार्ष्णेयाला, दिसत नाही, फक्त नलाला दिसतो. तो अभय मागतो आणि बेहड्यात शिरतो. संभाव्यतेच्या कल्पनेचा इतिहास लिहिणाऱ्या इयान हॅकिंग यांनी १९७५ च्या आपल्या ग्रंथात या प्रसंगाची मुद्दाम दखल घेतली आहे, कारण फांदीवरून झाडाचा अंदाज आणि त्याचा जुगाराशी संबंध एकाच ठिकाणी सांगणारी इतकी जुनी कथा दुर्मीळच. मला यात आणखी एक गोष्ट महत्त्वाची वाटते. फाशांतून आलेला देव फाशांचे गणित कळल्याबरोबर निघून जातो. दैव म्हणून जे भोगले ते मोजता येते, एवढे कळणे पुरते. आणि बाहेरच्या गोष्टीत हे कोण ऐकत आहे? द्यूतात सर्वस्व घालवून वनात आलेला युधिष्ठिर. बृहदश्व ऋषी त्याला ही कथा सांगतात आणि शेवटी अक्षहृदयही देतात. आदिपर्वाच्या हिशेबाने दुर्योधन हा कलीचा अंश आणि शकुनी द्वापराचा. म्हणजे ज्या जोडीने नलाला लुटले त्याच जोडीकडून श्रोताही हरून आलेला आहे.

पुराणातल्या देवांचा टेबलावरचा खेळ करणे शोभते का, असेही कोणी विचारील. या भागात तरी हा प्रश्न फार काळ टिकणार नाही. लाखांदूर तालुक्यातल्या दिघोरीसारख्या गावांच्या मुलखात दिवाळी झाली की मंडया, म्हणजे गावोगावच्या जत्रा, भरू लागतात, धान घरी येत असतो, आणि दंडार, खडीगंमत, नाटक यांच्या रात्री सुरू होतात. वैनगंगेकाठच्या वडशाच्या नाटक कंपन्या होळीपर्यंत गावोगाव फिरतात, शंकरपटाला, म्हणजे बैलांच्या शर्यतींना, जोडून प्रयोग होतात, आणि रात्रभर मंडपात बसलेला प्रेक्षक पहाटे खलनायकाच्या कामाची चर्चा करत घरी जातो. २०२३ मध्ये झाडीपट्टीच्या परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा या रंगभूमीची बाहेर थोडी दखल घेतली गेली, इथे ती कधीच कमी नव्हती. सोंग घेणे म्हणजे ज्याचे सोंग घेतले त्याची विटंबना, असे इथे कोणी मानत नाही. शिवाय ज्या बलिप्रतिपदेच्या आसपास या मंडया सुरू होतात तिचे दुसरे नाव द्यूतप्रतिपदा आहे. शिव आणि पार्वती त्या दिवशी फासे खेळले अशी कथा आहे. देवांनीच ज्याला हात लावला त्या फाशाला आपण बाटवू असे मानण्यात थोडा अहंकारही आहे. नलाची कथा मराठीत काही कमी रंगवली गेलेली नाही. रघुनाथ पंडितांचे दमयंती-स्वयंवराचे आख्यान तर मराठीत मानाचे स्थान मिळवून बसले आहे. मात्र त्यात रंग भरतो तो हंसाचा आणि प्रेमाचा. कलीच्या वाट्याला आमचे कवी फारसे गेले नाहीत, त्यामुळे ही बाजू खेळाला मोकळी सापडली. प्रयोग आणि खेळ यांत एक फरक मात्र राहतोच. मंडपात नलाने हरायचे हे ठरलेले असते, इथे ते ठरलेले नाही. एखादा खेळाडू पाय धुऊन संध्येला बसला तर कलीला पुन्हा थांबावे लागेल, आणि गेम मास्टरला ते सहन करता आले पाहिजे. बारा वर्षे हा आकडा नियमांत म्हणूनच ठेवला आहे, कंटाळून घाई करणारा कली कली राहत नाही.

दोन धागे आम्ही मुद्दाम सैल सोडले आहेत, कारण मूळ आख्यानानेही ते बांधलेले नाहीत. पहिला द्वापराचा. तो फाशांत शिरतो एवढे आपल्याला कळते, तो बाहेर कधी पडला हे कथा सांगत नाही. नलाचे उरलेले वस्त्र घेऊन उडून जाणारे पक्षी आम्हीच ते फासे असे त्याला हिणवतात, त्यात द्वापर होता का, हेही मोकळेच आहे. कलीने मागितली आणि त्याने साथ दिली, त्याचा स्वतःचा राग कोणावर होता याचा पत्ता नाही. कटात असे साथीदार नेहमी असतात आणि मुख्य कटवाल्याला शिक्षा होते तेव्हा ते कुठेतरी निसटलेले असतात. या कॅम्पेनचा दुसरा भाग लिहायचा झाला तर तो द्वापराचा असेल.

दुसरा धागा पुष्कराचा, आणि ही भूमिका टेबलावरच्या सर्वांत मुरलेल्या खेळाडूला द्यावी असा माझा आग्रह आहे. शेवटच्या डावात नल त्याला एकाच फेकीत हरवतो, आणि मग म्हणतो की जे झाले ते कलीचे काम, दुसऱ्याचा दोष तुझ्या माथी मारणार नाही. त्याला जीव देतो, त्याचा वाटा देतो. पुष्कर महिनाभर मानाने राहून आपल्या नगराला जातो. पण कथा नीट वाचली तर कली पुष्कराच्या अंगात कधी शिरलेलाच नाही. तो त्याच्याकडे चालत आला आणि म्हणाला, नलाशी खेळ, राज्य तुझे. पुष्कर त्या वेळी पूर्ण शुद्धीवर होता, आणि दमयंतीला पणाला लाव असे भावाला सुचवले तेव्हाही शुद्धीवरच होता. नलाने देऊ केलेली माफी त्याने मुकाट घ्यावी, की ती आपल्याला लागू पडत नाही असे उभे राहून सांगावे, याबद्दल नियमांत काहीही लिहिलेले नाही.